दोन माणसांचं कॅरिअर

“भाऊजी, हे उठून नाही राह्यले.”

माझ्या मित्राच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा दुपारचे साडेचार झाले होते आणि मी चहा गाळत होतो. हे वाक्य मी गेलं दीड वर्ष ऐकत होतो, पण ते गायींबद्दल. कुणाची नुकती व्यालेली गाय, कुणाची चिखलात घसरलेली म्हैस... मोताळ्याच्या आसपासच्या गावांतून त्या मित्राला, गुरांचा डॉक्टर असलेल्या दिनकरला जे फोन यायचे त्यांची सुरुवात अशीच असायची. त्यामुळे क्षणभर माझ्या तोंडून त्याचाच नेहमीचा प्रश्न निघणार होता, की कधीपासून? तो गिळला, गॅस बंद केला आणि निघालो. आमच्या घरांत दोन गल्ल्यांचं अंतर. दिनकर ओसरीतल्या खाटेवर, छातीवर वर्तमानपत्र ठेवून पडला होता. जेवून आडवा झाला, चहाला उठला नाही, एवढीच त्याच्या मरणाची हकीकत. चष्मा त्यानं स्वतः काढून, घडी घालून उशाशी ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी चौकात बॅनर लागला. त्यात दिनकरचा टाय घातलेला फोटो होता. टाय त्यानं आयुष्यात एकदाच, मुलाच्या लग्नात, तोही अर्धा तास घातला होता, आणि नेमका तेवढ्यात फोटोग्राफर आला होता. खाली दुःखात बुडालेल्यांचे फोटो होते, ते दिनकरच्या फोटोपेक्षा थोडे लहान आणि बरेच हसरे. पुढच्या आठवड्यात शोकसभा झाली. कुणी त्याला पशूंचा देवदूत म्हणालं, कुणी मुक्या जिवांचा आवाज. जनावर मुकं असतं असं म्हणणाऱ्यानं एकदा बसलेल्या म्हशीशेजारी तासभर उभं राहून दाखवावं, असं दिनकर म्हणायचा. पण सभेत ते सांगण्याची सोय नव्हती. मला ‘जिवलग मित्र’ म्हणून दोन मिनिटं दिली होती. मी उभा राहिलो, काहीतरी पुटपुटलो आणि बसलो. मला जे सांगायचं होतं ते एका जीपच्या टपावरच्या कॅरिअरबद्दल होतं, आणि शोकसभेत कॅरिअरबद्दल बोललेलं लोकांना चालत नाही. शिवाय त्या कॅरिअरच्या निवडीत मी दिनकरला फसवलं होतं. ते हार घातलेल्या फोटोसमोर कसं बोलणार? आता सहा आठवडे झालेत. हार वाळला, बॅनरवर दुसऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर चढला. आता बोलायला हरकत नाही.

आम्ही दोघंही मूळचे अमडापूरचे, शाळेत एका बाकावरचे. तो गुरांचा डॉक्टर झाला, मी मलकापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. म्हणजे दोघांचाही संबंध न बोलणाऱ्यांशीच, असं मी एकदा म्हटलं तेव्हा त्यानं मला दुरुस्त केलं होतं, की माह्यावाले लाथ तरी मारतात. सरकारी नोकरीची तीसेक वर्षं त्यानं मोटरसायकलवर काढली. निवृत्तीच्या समारंभात त्याला शाल, श्रीफळ आणि पुढील आयुष्यात विश्रांतीच्या शुभेच्छा मिळाल्या. महिन्याभरात त्यानं लिलावातली एक जुनी जीप घेतली, चारही चाकांना जोर असणारी. आमच्याकडची काळी माती पावसात काय करते हे ज्याला माहीत आहे त्याला ही खरेदी चैनीची वाटणार नाही. पांदणीत, म्हणजे शेताकडच्या कच्च्या वाटेत, एकदा मोटरसायकल रुतली की माणूस ती खांद्यावर घेऊनच बाहेर येतो. शाल मात्र त्यानं कामाला लावली. बसलेल्या गायीला उचलताना पट्टा पोटाला काचू नये म्हणून तो मध्ये शाली घालायचा. नोकरीत त्याचे बरेच सत्कार झाले होते, त्यामुळे शालींची कमतरता नव्हती. सत्काराच्या शालीचा एवढा योग्य उपयोग मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

जनावर बसतं म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. गाय कशानंतरी अशक्त होऊन खाली बसते आणि तिला उठता येत नाही. दोन-तीन दिवस तशीच राहिली की पायांतला जोर जातो, एका कुशीला जखमा होतात, आणि मग मूळ आजार बरा झाला तरी ती उठत नाही. म्हणून तिला दिवसातून दोनदा-तीनदा उभं करावं लागतं. पूर्वी गावात हाक मारली की आठ-दहा माणसं जमायची, पोटाखालून पोती आणि लाकडी बल्ल्या घालायची आणि मारुतीचं नाव घेऊन उचलायची. आता हाक मारली तर चार म्हातारे येतात आणि मोबाइलमध्ये शूटिंग करणारा एक जण. यावर दिनकरनं तिपाई करून घेतली होती. दहा-दहा फुटांचे तीन लोखंडी पाइप, वर एका कड्यात अडकवायचे, खाली फाकवायचे, मधोमध चेनपुली लटकवायची आणि गायीच्या पोटाखालून कॅनव्हासचा रुंद पट्टा. साखळी ओढत राहिलं की एकटा माणूस म्हैस उभी करू शकतो. हे काम तो निवृत्तीनंतर, कुणी न सांगता करत होता. कुणी कारण विचारलं तर घरी करमत नाही म्हणायचा, ते अर्धं खरं होतं.

पाइप तो जीपमध्येच न्यायचा. मागच्या दारातून आत, दोन सीटांच्या मधून थेट डॅशबोर्डपर्यंत. गिअर बदलताना कोपर पाइपला लागायचं. मग एके दिवशी राजूर घाटात समोर शेळ्या आल्या, त्यानं ब्रेक मारला, जीप थांबली आणि पाइप थांबले नाहीत. आतून काच फुटलेली ही मोताळ्यातली पहिली जीप असावी. त्याच्या दोन महिने आधी त्याच्या हृदयात रिंग टाकली होती आणि जड काही उचलायचं नाही अशी तंबी मिळाली होती. तंबी देणाऱ्या डॉक्टरला तो म्हणाला होता की मी आयुष्यभर शेतकऱ्यांना हेच सांगत आलो, गाभण गायीला गाडीला जुंपू नका, आणि कोणी ऐकलं नाही. आता काच फुटल्यावर मात्र कॅरिअर घ्यायचं ठरलं.

ही निवड दोन महिने चालली. पुण्याहून नितीननं, म्हणजे त्याच्या मुलानं, मोबाइलवर एकामागून एक कॅरिअर पाठवली. काळी, चकचकीत, वाऱ्याला न अडणारी, पुढे दिव्यांची पट्टी असलेली. एका चित्रात जीपच्या टपावर तंबू होता, तंबूच्या तोंडाशी एक जोडपं बसलं होतं आणि दोघांच्या हातात कॉफीचे मग होते. दिनकरनं चष्मा वर करून ते बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, “यायची गाय कुठं बसली?” चहाच्या टपरीवर प्रत्येकाचं मत वेगळं होतं. एसटीतून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हरचं म्हणणं, टपावर वजन ठेवलं की घाटाच्या वळणावर गाडी कलते, तेव्हा वजन जितकं खाली तितकं बरं. दुसऱ्या कुणाचं म्हणणं, टपाच्या पन्हळीला क्लॅम्प लावून बसवलेलं कॅरिअर हलकं पडतं. पण जीपची पन्हळ गंजून पापडासारखी झाली होती. म्हणजे कॅरिअर टपावर नाही, स्वतःच्या पायांवर उभं राहायला हवं, बंपरपासून वर. आणि दिनकरची स्वतःची हरकत वेगळीच होती. त्याचं म्हणणं, जीपवर कॅरिअर लागलं की जीप आपली राहत नाही. आमच्या भागात रिकामं कॅरिअर घेऊन जाणारी गाडी म्हणजे उद्धटपणा समजतात. कुणाची खाट, कुणाची तुरीची पोती, कुणाच्या मुलीचं रुखवताचं कपाट... नाही म्हणायचं तर नातं तुटतं. म्हणून त्याला असं कॅरिअर हवं होतं ज्यावर तीन पाइपांशिवाय काहीच राहणार नाही.

अशा वेळी आम्ही मलकापूरला हनीफभाईंकडे गेलो. ते वेल्डर. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करण्यात हयात गेलेली. त्यांनी जीपला एक फेरी मारली, पाइप हातात घेऊन तोलले आणि सांगितलं, “डॉक्टरसाब, ऊपर डालोगे तो दो आदमी लगेंगे. बाजू में डालो, कमर तक. अकेले का काम है.” जीपच्या डाव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर तीन आकडे, त्यात पाइप आडवे ठेवायचे आणि बोल्ट कसायचा. वजन खाली, उचलायची भानगड नाही, खाट कुणी ठेवू शकत नाही. सगळ्या अडचणींवर एकच उत्तर. फक्त डावा दरवाजा कायमचा बंद होणार होता, कारण पाइप त्याच्यावरून जाणार होते. दिनकर म्हणाला की डाव्या बाजूले बसते कोन? ते खरं होतं. तिथे औषधांची पेटी बसायची. बेत पक्का झाला आणि पुढच्या आठवड्यात जीप आणून सोडायचं ठरलं.

दोन दिवसांनी सुमनवहिनी आमच्याकडे आल्या. त्या सहसा एकट्या यायच्या नाहीत. माझी बायको शेजारी गेली होती, त्यामुळे त्या उंबऱ्याच्या आतच उभ्या राहून बोलल्या. त्यांना हनीफभाईंच्या आकड्यांबद्दल कळलं होतं आणि त्याचा अर्थही त्यांना माझ्या आधी कळला होता. एकट्यानं पाइप चढवता आले की हा माणूस एकटाच जात राहणार. कुठल्यातरी पांदणीत, नाल्याच्या काठी छातीत दुखेल, आणि घरी संध्याकाळपर्यंत कळणारही नाही. तीस वर्षं त्या दिवेलागणीला मोटरसायकलच्या आवाजाकडे कान लावून बसल्या होत्या, ते वेगळं. “भाऊजी, तुमचं ऐकतात ते. टपावरच करायले लावा, अन उंच. एकट्याले चढवताच नाही आलं पाह्यजे. मंग जानं आपोआप बंद होईन.” मी होकार दिला. मित्राच्या बायकोनं काळजीपोटी मागितलेल्या गोष्टीला नकार देण्याइतका मी तत्त्वनिष्ठ नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही त्यानं घरी बसावं असंच वाटत होतं. घरी बसलेला मित्र संध्याकाळी गप्पांना सापडतो.

मग मी वाद घातला. ग्रंथपाल असल्याचा एक फायदा असतो, कुठल्याही बाजूनं पुरावा गोळा करता येतो. मी म्हणालो, पांदणीत दोन्ही बाजूंनी बाभळी असतात, बाजूचे पाइप फांद्यांत अडकतील. म्हणालो, रुंदी वाढली तर चौकीवर गाडी अडवतील. नियम मला माहीत नव्हता, पण आवाजात होता. म्हणालो, जीप कधी डाव्या अंगावर कलंडली तर बाहेर कसा पडशील? तो ऐकत राहिला. एवढ्या लवकर तो कधी कुणाचं ऐकत नसे, पण तेव्हा मला ते माझ्या युक्तिवादाचं यश वाटलं. हनीफभाईंनी खांदे उडवले आणि टपावरच्या कॅरिअरचं माप घ्यायला खडू काढला. दिनकरला त्यांनी खुर्चीत बसवून चहा दिला होता, हात वर करायचे नाहीत असा वहिनींचा निरोप होता म्हणून. तेव्हा माप माझ्या हाताचं घ्यायचं ठरलं. हात पोचला पाहिजे, तिथे वरचा दांडा. मी जीपशेजारी उभा राहिलो, हात वर केला आणि... टाचा उचलल्या. फार नाही, तीन-चार बोटं. मी मुळात दिनकरपेक्षा वीतभर उंच. हनीफभाईंनी माझ्या बोटांच्या टोकाशी खडूची रेघ ओढली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी कॅरिअर लागलं. हिरव्या रंगाचं, चार पायांचं, टपापासून चांगलं वर. दिनकर त्याच्याखाली उभा राहिला, हात वर केला, त्याच्या बोटांत आणि दांड्यात अंतर राहिलं. म्हैस एकट्यानं उचलू शकणाऱ्या माणसाला स्वतःचे पाइप ठेवता येणार नव्हते. वहिनी दारात उभ्या होत्या. आमची नजरानजर झाली आणि आम्ही दोघांनीही ती लगेच वळवली. मला वाटलं, संपलं. चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी सकाळी सात वाजता दिनकर माझ्या दाराशी हॉर्न वाजवत होता. एका शेतात गाय बसली होती. “चाल बे मध्या. कॅरिअर तुह्या मापाचं हाये, तूच चढव.”

असा मी, ज्याला गायीचं पुढचं आणि मागचं यापलीकडे काही कळत नव्हतं, वयाच्या पासष्टीत गुरांच्या डॉक्टरचा जोडीदार झालो. पहिल्याच दिवशी पाइपचं टोक कपाळावर लागून माझा चष्मा गेला. तिथे मला शेपूट धरायला दिलं होतं. गाय उभी राहताना शेपटीला आधार द्यायचा असतो, हे दिनकरनं मला फार गंभीरपणे सांगितलं. ते खरं आहे की नाही हे मी अजून तपासलेलं नाही. गायीच्या मालकाच्या घरच्या म्हातारीनं मला लहान डॉक्टर समजून गुळाचं पाणी दिलं. गाय पहिल्या दिवशी पट्ट्यात लोंबकळत राहिली, दुसऱ्या दिवशी तिनं दोन पाय टेकले, पाचव्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा ती गोठ्याबाहेर उभी राहून कडबा खात होती आणि तिनं आमच्याकडे पाहिलंही नाही. मला ते फार आवडलं. इतक्या वर्षांत मी पाहिलेल्या आभारप्रदर्शनांत ते सर्वांत संक्षिप्त होतं.

कॅरिअरचं जे होईल असं त्याला वाटत होतं ते झालंच. अरुंद केलं होतं तरी लोकांनी उपाय काढले. पाइपांच्या वर पोती, पोत्यांवर खाट. एकदा अमडापूरला त्याच्या चुलतभावाकडे गेलो तर येताना तिघांच्या सामानासकट एक शिवणयंत्र आणलं, आणि ते कुणाचं हे शेवटपर्यंत कळलं नाही. मोताळ्यात एक जण आला आणि उचलून घेऊन गेला. दिनकर रोज कुरकुर करायचा आणि रोज दोर स्वतःच काढून द्यायचा. हळूहळू गाडी मीच चालवू लागलो, कारण त्याला दम लागायचा. तो डावीकडे बसायचा, औषधांची पेटी मांडीवर. बसला की बोलत राहायचा. कोणत्या वळणावर कोणत्या साली कोणाचा बैल कसा बरा केला, कुठल्या गावच्या पाटलानं कशी खोटी पंचायत केली... एवढं तो सबंध आयुष्यात माझ्याशी बोलला नव्हता. मी पुस्तकांतून माणसं वाचत बसलो होतो आणि हा माणूस दोन गल्ल्या सोडून राहत होता.

मागच्या भाद्रपदातली गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी मिरची लावणारे एक पुंडलिकराव आहेत, त्यांची गाय चार दिवस उचलली आणि पाचव्या दिवशी तिनं मान टाकली. दिनकरनं पट्टा सोडायला सांगितला, शाली झटकून त्यांच्या घड्या केल्या आणि पुंडलिकरावांच्या खांद्यावर हात ठेवला. परत येताना वर पाऊस झाल्यामुळे नाला भरून आला होता. पाणी उतरेपर्यंत थांबणं भाग होतं. ऊन कलत होतं. मी इंजिन बंद केलं.

“मध्या,” तो म्हणाला, “तू टाचा उचलल्या होत्या.”

मी विचारलं, कधी? तशी गरज नव्हती, पण वेळ काढायला विचारलं.

“हनीफभाईच्या दुकानात. बाईनं सांगतलं असन तुले.”

मी नाकारलं नाही. इतक्या दिवसांनी नाकारण्यात काही अर्थ नव्हता. मी एवढंच म्हटलं, “समजलं होतं तं तवाच काऊन नाही बोलला बे?”

त्यानं मांडीवरची औषधांची पेटी पायाशी ठेवली. “तीस वर्ष एकटाच फिरलो रे. बाजूले बोलाले मानूस नाही, काही नाही. हनीफभाईनं डावा दरवाजा बंद करायचं म्हटलं अन मी हो म्हनलं, पन घरी येऊन झोप नाही लागली. म्हटलं आता मराच्या दिवसापर्यंत हे एकटंच. मंग तुह्या टाचा पाह्यल्या. बरं वाटलं मले.”

पाणी उतरल्यावर आम्ही निघालो. घरी पोचेपर्यंत तो नेहमीसारखा पुंडलिकरावांच्या मिरचीबद्दल बोलत होता. मी ते वहिनींना सांगितलं नाही. कट दोघांचा होता, उघडा पडल्याचं एकालाच माहीत... पण सांगायचं कसं? त्यांना वाटत होतं की त्यांचा डाव फसला, नवरा घरी बसला नाही, उलट भाऊजींनाही घेऊन गेला. त्यांनी मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. फक्त डबा दोघांचा देऊ लागल्या.

एक गोष्ट मात्र मला या लेखातून वगळता येणार नाही. दिनकर जाण्याच्या चार दिवस आधी त्याचा फोन आला होता, एक गाय बसली आहे म्हणून. मला मलकापूरला एका पुस्तकाच्या प्रकाशनाला जायचं होतं. मंचावर पाच जण होते, त्यातला चौथा मी. मी पुस्तक वाचलेलं नव्हतं, आणि बाकीच्या चौघांनीही ते वाचलं नसल्याचं भाषणांवरून कळलं. दिनकर म्हणाला, ठीक हाये, जाऊन ये. तो एकटा गेला नाही, कारण जाऊ शकत नव्हता. मी माझ्या टाचांनी तशी व्यवस्था केली होती. बाजूचे आकडे असते तर तो गेला असता, गाय कदाचित उठली असती; कदाचित वाटेत त्याच्या छातीत दुखलं असतं आणि वहिनींची भीती खरी झाली असती. हे गणित मी सहा आठवडे करतो आहे, आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं. गाय कोणाची होती हे मी त्याला विचारलं नाही. मलकापूरहून आल्यावरही विचारलं नाही. आता विचारायला कोणी नाही.

गेल्या आठवड्यात माझ्याच मोबाइलवर फोन आला. सरकारी दवाखान्यात नवीन आलेल्या डॉक्टरबाई. कॅल्शियम दिलंय, गायीचा आजार आटोक्यात आहे, पण ती उठत नाहीये, आणि गावात उचलायला माणसं नाहीत. इंगळे डॉक्टरांची, म्हणजे दिनकरची, तिपाई मिळेल का, असं त्यांनी फार संकोचानं विचारलं. मी सांगितलं की तिपाई आहे, जीप आहे, मी गाडी चालवीन, पण पाइप चढवायला दुसरा माणूस लागतो आणि तो आता नाही. कुणाला तरी शोधतो, म्हटलं. शोधायच्या आधी किल्ली मागायला दिनकरच्या घरी गेलो. वहिनी अंगणात सुपात तूर पाखडत होत्या. जीप शेडमध्ये उभी होती, पाइप भिंतीशी टेकवलेले. मी कशासाठी आलो ते सांगितलं आणि चौकातून कुणाला तरी आणतो म्हणून वळलो, तर त्यांनी सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले, पदर खोचला आणि जाऊन पाइपचं एक टोक धरलं. मी काही म्हणण्याच्या आत म्हणाल्या की चौकातला मानूस येईलोक दुपार होईन.

पहिला पाइप चढला. वहिनी मागच्या चाकावर पाय देऊन वर झाल्या होत्या. दुसराही चढला. तिसरा दोघांच्या हातात असताना मला ते आतून दाबून ठेवणं अशक्य झालं. कुठल्याही सभेत जे मला बोलता आलं नव्हतं ते तिथे, शेडमध्ये, हातात दहा फुटांचा पाइप घेऊन बोललो. म्हटलं, वहिनी, आपण कॅरिअर उंच करायला लावलं ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नाल्याकाठी जे झालं ते सांगितलं. एकटं फिरण्याचा कंटाळा, झोप न लागलेली रात्र, डावा दरवाजा, सगळं. त्या ऐकत होत्या, माझ्याकडे न पाहता, पाइपच्या टोकाकडे पाहत. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. आपल्यामुळे नवऱ्याला शेवटी सोबत मिळाली असं वाटेल. निदान रडतील.

“एकट्याचा कट्टाळा होता,” त्या सावकाश म्हणाल्या, “तं मले काऊन नाही म्हटलं त्यायनं? मीबी आली असती.”

हा प्रश्न तीस वर्षांत दिनकरला पडला नव्हता, आणि दीड वर्ष त्या सीटशेजारी बसून मलाही पडला नव्हता. पाइप आमच्या दोघांच्या हातात तसाच अधांतरी होता. त्याचं वजन खांद्यात उतरू लागलं. शेवटी त्यांनीच आपलं टोक वर केलं.

“उचला भाऊजी,” त्या म्हणाल्या. “गाय बसेल हाये.”